पासंग, पुनरावृत्ती आणि खरे वजन

तोच आकडा पुन्हा पुन्हा आला म्हणजे काटा खरा, हा समज बाजारात खपून जातो; प्रयोगशाळेतही तो बिनदिक्कत वावरावा, हे आश्चर्य होय. पुनरावृत्ती आणि अचूकता हे भिन्न गुण आहेत. जिन्नस उचलून पुन्हा ठेवला असता काटा त्याच ठिकाणी येतो काय, हे पहिल्यावरून कळते. ते ठिकाण खरे आहे काय, हे दुसऱ्यावरून. सदोष तराजूही आपली चूक मोठ्या निष्ठेने दर वेळी तशीच करू शकतो.

भंडारा जिल्ह्यात या भेदाची दोन टोके जवळजवळ सापडतात. जवाहरनगरची आयुध निर्माणी (स्थापना १९६४) स्फोटके व प्रणोदक, म्हणजे गोळीला गती देणारी दारू, तयार करते. तुमसर तांदळाच्या बाजारपेठेसाठी प्रसिद्ध आहे. समजा, दांडीची एक भुजा १०० आणि दुसरी १००.२ मिलिमीटर आहे. एक क्विंटल तांदळात चूक २०० ग्रॅम भरेल. काडतुसातील ४० ग्रेन दारूत ती सुमारे ५ मिलिग्रॅम, म्हणजे ग्रेनच्या एक दशांशाहूनही कमी.

अमेरिकेतील हौशी नेमबाज स्वतः काडतुसे भरताना सरकत्या वजनाच्या दांडीकाट्यावर एक दशांश ग्रेनपर्यंतच वाचन घेतात. (भारतात १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार परवान्याविना दारूगोळा तयार करता येत नाही.) तेथे खरा धोका निराळा: दांडी ज्या धारेवर झुलते तिच्यावरील धूळ, वाऱ्याची झुळूक, किंवा एक खाच चुकून बसलेले सरकते वजन. दारू थोडी वाढली तरी नळीतील दाब त्या प्रमाणापेक्षा अधिक वाढतो, म्हणून ही बाब क्षुल्लक नव्हे.

पासंग बांधून रिकामी पारडी समतोल केली की काटा निर्दोष झाला, ही समजूतही टिकत नाही. पासंगाने शून्य जुळते. भुजांच्या विषमतेची चूक भाराबरोबर वाढतच राहते. त्यावर बोर्दाची प्रतिस्थापन-पद्धत अधिक विश्वसनीय: जिन्नस काढून त्याच पारड्यात प्रमाणित वजने घालावीत आणि पूर्वीचाच समतोल साधावा. भुजा विषम असल्या तरी वजन खरे निघते. सरकत्या वजनाचा काटाही भरावयाच्या दारूइतक्याच ज्ञात वजनाने तपासावा. केवळ शून्यावर विसंबू नये. मात्र दांडी दोनदा एकाच ठिकाणी स्थिरावत नसेल, तर प्रमाणित वजनांचाही काही उपयोग होत नाही.