आदिवासी विद्यार्थी आणि आपली समीक्षा

दलित पँथरच्या १९७३ च्या जाहीरनाम्याने ‘दलित’ शब्दाची व्याख्या केली तेव्हा तीत अनुसूचित जातींबरोबर अनुसूचित जमातीही घेतल्या. व्याख्या व्यापक होती. पण व्याख्येत आलेला आदिवासी आपल्या साहित्यविचारात आला काय, हा प्रश्न दलित समीक्षेने स्वतःला फारसा विचारलेला नाही.

मी खानदेशात मराठी शिकवतो. लोकसाहित्याच्या तासाला सातपुड्यातला एक भिल्ल विद्यार्थी म्हणाला, “सर, आमची म्हातारी माणसं खाज्या नाईकाची गाणी म्हणतात. ती तुम्ही लोकसाहित्यात घालता. साहेबानं लिहिलेलं मात्र इतिहासात. असं का?”

खाज्या नाईक हा मुंबई-आग्रा रस्त्यावर सेंधव्याच्या घाटाचा रखवालदार. १८५७ मध्ये तो कंपनी सरकारविरुद्ध उठला. एप्रिल १८५८ मध्ये अंबापाणीला लढाई झाली. सरकारी दप्तराच्या लेखी तो लुटारू, गाण्यात तो नायक. मग लेखी ते प्रमाण आणि गायिलेले ते रंजन, ही वाटणी कोणी केली? ज्यांच्या हाती लेखणी होती त्यांनीच. आंबेडकरी जलशांतली गाणी आपण चळवळीचा दस्तऐवज मानतो. तोच न्याय भिल्लांच्या गाण्यांना का नाही? गाण्यातला प्रत्येक शब्द खरा, असे हा विद्यार्थी म्हणत नाही. दप्तराची जशी छाननी होते तशी गाण्याचीही व्हावी, एवढेच त्याचे म्हणणे आहे.

संस्कृतीबाबतही तेच. कोणी त्याला ‘वनवासी’ म्हणून इतिहासाबाहेर काढतो, कोणी ‘निसर्गपुत्र’ म्हणून स्नेहसंमेलनात नाचवतो. त्याला मत असेल, हे कोणी गृहीत धरत नाही.

भाषेचा प्रश्न याहून कठीण आहे. मी माझ्या घरातला पहिला पदवीधर. माझ्या वस्तीची बोली शाळेत अशुद्ध ठरली. पण ती मराठीच होती आणि दलित आत्मकथनांनी तिला छापील प्रतिष्ठा मिळवून दिली. या विद्यार्थ्याची पावरी म्हणजे बिघडलेली मराठी नव्हे. त्याच्या दृष्टीने तुकारामाची गाथा परभाषेत आहे आणि ‘बलुतं’ही परभाषेतच आहे. आपला विद्रोह ज्या भाषेत झाला, ती त्याच्यावर लादलेली भाषा आहे, हे आपण मान्य केले पाहिजे.

२०११ च्या जनगणनेत भिली गटातल्या भाषा बोलणारे १ कोटी ४ लाखांवर आहेत. पावरी आणि मावची याच गटात मोजल्या गेल्या. संस्कृत मातृभाषा सांगणारे २४,८२१. संस्कृत घटनेच्या आठव्या अनुसूचीत आहे, भिली नाही. २००३ च्या घटनादुरुस्तीने संथाली व बोडो यांना तिथे जागा मिळाली. म्हणजे दार कायमचे बंद नाही.

वाहरू सोनवणे यांनी ‘गोधड’मधून भिल्लाची वेदना भिल्लाच्याच तोंडून मांडली. अशा कवितेची ‘दलित साहित्याची एक शाखा’ म्हणून नोंद करून आपण मोकळे झालो, तर प्रस्थापितांनी आपल्याशी केला तोच व्यवहार आपण पुढे चालवू.

म्हणून आपल्या नियतकालिकांनी आदिवासींचे लेखन मूळ भाषेत छापावे, मराठी अनुवाद शेजारी द्यावा. प्राध्यापकांनी विद्यार्थ्याला त्याच्या पाड्यावरची गाणी त्याच्या भाषेत टिपायला सांगावीत आणि त्यांचा अर्थही त्यालाच लावू द्यावा. तो अर्थ आपल्या सिद्धांतात बसला नाही, तर सिद्धांत तपासावा.