पांच सूत्रांचें शास्त्र

शियाळी रामामृत रंगनाथन् यांचा ‘दि फाइव्ह लॉज ऑफ लायब्ररी सायन्स’ हा ग्रंथ मद्रासच्या ग्रंथालय-संघानें १९३१ सालीं प्रसिद्ध केला. ग्रंथालयशास्त्राची पदव्युत्तर परीक्षा देणाऱ्या आपल्याकडील विद्यार्थ्यांस त्यांतील पांचही सूत्रें तोंडपाठ असतात. मूळ ग्रंथ मात्र त्यांतील फार थोड्यांनीं उघडलेला असतो. ज्या शास्त्राचें पहिलेंच सूत्र ‘ग्रंथ हे उपयोगासाठीं आहेत’ असें सांगतें, त्या शास्त्राच्या आद्यग्रंथाची ही दशा व्हावी, हें रंगनाथनांना खचित रुचलें नसतें. प्रस्तुत लेखक ग्रंथपाल नव्हे. त्याचा जन्म इंग्रजी वाङ्मय शिकविण्यांत गेला. परंतु स्वयंपाक कसा साधला हें पानावर बसणारालाही कळतें, आणि तेवढ्याच अधिकारानें तो हें लिहीत आहे.

रंगनाथन् मूळचे गणिताचे अध्यापक. १९२४ सालीं ते मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले, आणि त्याच वर्षीं लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजांत या विद्येचे धडे घेण्यास गेले. गणिती माणसाचें पुस्तक रुक्ष असेल अशा समजुतीनें जो तें हातीं घेईल त्याची चांगलीच फसगत होईल. सूत्रें येथें पात्रें होऊन वावरतात. बोलतात, वाद घालतात, हट्ट धरतात. ‘प्रत्येक वाचकास त्याचा ग्रंथ’ या दुसऱ्या सूत्राच्या जगभरच्या संचाराला रंगनाथनांनीं ‘दिग्विजय’ हाच संस्कृत शब्द इंग्रजी पुस्तकांत योजला आहे. त्या प्रकरणांत देशामागून देश येतात आणि वाचकाचा दम कांहींसा उखडतो, हें खरें. पण कपाटाला कुलूप घालून किल्ली कमरेला लावणाऱ्या ग्रंथपालाची जागा जनतेच्या सेवकाला मिळावी ही तळमळ पानोपानीं जाणवते.

तरीहि एक शंका राहतेच. या सूत्रांना ‘लॉज’, म्हणजे निसर्गनियमांच्या पंक्तीचे नियम, म्हणतां येईल काय? ‘वाचकाचा वेळ वांचवा’ ही उघड आज्ञा आहे. ग्रंथ उपयोगासाठीं आहेत, प्रत्येक वाचकास त्याचा ग्रंथ मिळावा, प्रत्येक ग्रंथास त्याचा वाचक मिळावा, हींहि मीमांसकांच्या भाषेंत विधिवाक्येंच होत. ‘ग्रंथालय ही वाढती, सजीव संस्था आहे’ हें पांचवें सूत्र तेवढें वस्तुस्थिति सांगतें. न्यूटनचा नियम फळाला खालीं पडण्याची आज्ञा करीत नाहीं. रंगनाथनांचीं सूत्रें ग्रंथपालाला आज्ञा करतात; म्हणून तीं धर्मसूत्रें आहेत, आणि धर्मसूत्रें म्हणून तीं थोर आहेत. त्यांना शास्त्र म्हणून घोकविण्याचा परिणाम असा झाला कीं, विद्यार्थी तीं पाळण्याऐवजीं ‘स्पष्ट करा’ या प्रश्नाच्या उत्तरांत लिहूं लागला.

याच सुमारास अमेरिकेंतहि हाच प्रश्न उभा होता. मेल्विल ड्यूईनें १८८७ सालीं कोलंबियांत काढलेल्या शाळेंत कारभार शिकवीत. सूचीच्या कार्डांवरील अक्षर सुद्धां ठराविक वळणाचें गिरवावें लागे. सयाजीराव महाराजांनीं विल्यम बॉर्डन यांस अमेरिकेहून आणवून १९११ सालीं बडोद्यास जो वर्ग सुरू केला, तो त्याच परंपरेंतला. पुढें कार्नेगी संस्थेच्या देणगीवर शिकागो विद्यापीठांत निराळी शाळा निघाली, आणि तेथें डॉक्टरची पदवी मिळूं लागली. तेथील प्राध्यापक पिअर्स बटलर याचें ग्रंथालयशास्त्राची प्रस्तावना करणारें लहानसें पुस्तक १९३३ चें. ग्रंथपालाला ‘कसें’ ठाऊक असतें, ‘कां’ ठाऊक नसतें, हें त्याचें गाऱ्हाणें. गंमत अशी कीं, हा बटलर स्वतः मुद्रणाच्या इतिहासाचा अभ्यासक, म्हणजे ग्रंथांत मुरलेला माणूस. आणि १९५१ सालच्या लेखांत तोच शास्त्राचा आग्रह सैल करून मानव्यविद्येकडे वळलेला दिसतो. शिकागोची शाळा १९९० च्या सुमारास बंद झाली, कोलंबियाची १९९२ त. मिशिगनच्या शाळेनें १९९६ सालीं आपल्या नांवांतून ‘ग्रंथालय’ काढून टाकलें व ‘माहिती’ तेवढी ठेवली. आपल्याकडे दोन्ही शब्द शेजारीं नांदत आहेत. पण वाढतो आहे तो दुसराच.

हा सर्व वाद माझ्यापुरता एका विद्यार्थ्यानें मूर्त केला. कांहीं वर्षांपूर्वीं ग्रंथालयशास्त्राच्या मास्टरच्या वर्गांतील एक तरुण माझ्याकडे आला आणि तुकारामांचें जन्मवर्ष विचारूं लागला. त्याला प्रात्यक्षिकासाठीं गाथेचें वर्गीकरण रंगनाथनांच्या ‘कोलन’ पद्धतीनें करावयाचें होतें. १९३३ सालच्या या पद्धतींत वाङ्मयाला ‘ओ’ हें अक्षर आहे. त्यापुढें भाषेचा अंक, मग काव्य-नाटकादि प्रकार, आणि नंतर ग्रंथकाराचें जन्मवर्ष. पंधराशें ते पंधराशें नव्व्याण्णव या शतकाचें चिन्ह ‘जे’, म्हणून १५६४ त जन्मलेला शेक्सपिअर ‘जे ६४’. ही योजना मला अतिशय सुंदर वाटते. ड्यूईच्या कोष्टकांत मराठी वाङ्मयाला ८९१.४६ एवढाच कोपरा मिळतो, आणि धर्माच्या शतकांत २२० ते २८० हे खण बायबल व ख्रिस्ती धर्म यांनीं अडविल्यावर हिंदु धर्म २९४.५ वर येतो. रंगनाथनांच्या कपाटापुढून मात्र नुसतें चालत गेलें तरी एका भाषेच्या काव्याचा इतिहास डोळ्यांपुढून सरकतो. आधीचा कवि आधीं, नंतरचा नंतर.

पण तुकाराम कोठें ठेवावयाचे? त्यांच्या जन्माविषयीं शके १४९०, १५२०, १५३० असे शक पुढें आले आहेत. पहिला मानला तर ते ‘जे ६८’ होतात, दुसरा मानला तर ‘जे ९८’, आणि तिसरा मानला तर ‘के ०८’. पहिल्या मताप्रमाणें ते रामदासांच्या चाळीस वर्षें आधीं येतात. तिसऱ्याप्रमाणें दोघे एकाच चिन्हावर येऊन बसतात, आणि त्यांना वेगळें करण्यास आणखी कांहीं खूण लावावी लागते. ज्ञानेश्वरांचें तेंच. शके ११९३ धरला तर ‘जी ७१’, ११९७ धरला तर ‘जी ७५’. कालिदासाविषयीं पंडितांचें भांडण अद्याप मिटलेलें नाहीं, तरी रंगनाथनांनीं त्याला ‘डी ४०’ वर बसवून टाकलें. यांत पद्धतीचा दोष नाहीं. पद्धति मुकाट्यानें एक कठीण प्रश्न विचारते, आणि त्याचें उत्तर वाङ्मयाच्या अभ्यासावांचून देतां येत नाहीं, हाच तिचा गुण. त्या तरुणाला मी हे तिन्ही शक सांगूं लागलों तेव्हां त्यानें नम्रपणें मला थांबविलें. “सर, परीक्षेला कुठला चालेल तेवढाच सांगा,” तो म्हणाला. मी १६०८ सांगितला. त्याला पूर्ण गुण मिळाले, असें पुढें कळलें.

दोष त्याचा मुळींच नव्हता. आपल्या बहुतेक विद्यापीठांत कोणत्याहि विषयाचा पदवीधर येतो, एक वर्ष पहिल्या पदवीस व एक वर्ष मास्टरच्या पदवीस घालवितो, आणि त्या दोन वर्षांत वर्गीकरण, तालिका, व्यवस्थापन, संगणक, माहितीचा शोध व संशोधनपद्धति एवढें सगळें उरकतो. त्यानें पूर्वीं इतिहास वाचला असो कीं रसायन, त्या ज्ञानाशीं या अभ्यासक्रमाची पुन्हां गांठ पडत नाहीं. ‘प्रत्येक ग्रंथास त्याचा वाचक’ हें सूत्र मला सर्वांत अवघड वाटतें तें याचसाठीं. वाचक आपण होऊन दाराशीं येतो. ग्रंथ मुका असतो, आणि तो कोणाचा आहे हें ओळखण्यास त्याच्या आंत काय आहे हें कोणीतरी जाणावें लागतें. एक ग्रंथपाल सर्व विषय कसे जाणील, असा आक्षेप येईल. सर्व नव्हे, एक जाणावा. अमेरिकेंतील मोठ्या विद्यापीठांच्या ग्रंथालयांत एकेका विषयाचा स्वतंत्र जाणता नेमण्याची प्रथा आहे. रंगनाथन् स्वतः गणित घेऊन या विद्येंत आले, आणि त्यांच्या वर्गीकरणाचें सगळें बळ त्या गणितांत आहे. १९३७ सालीं मद्रासेस त्यांनीं पदव्युत्तर पदविकेचा वर्ग सुरू करविला. दिल्ली विद्यापीठांत १९४७ नंतर मास्टरच्या पदवीचा पाया घातला. त्यांच्या मागें आलेल्यांनीं त्यांचीं चिन्हें उचललीं. त्या चिन्हांमागची विषयाची जाण उचलणें राहून गेलें.

दुसऱ्या वर्षाच्या प्रबंधांकडे पाहिलें म्हणजे हें अधिक स्पष्ट होतें. अमुक महाविद्यालयांतील वाचकांचें समाधान, तमुक तालुक्यांतील ग्रंथालयांचा वापर. शंभर प्रश्नावल्या वांटावयाच्या, सत्तर परत यावयाच्या, टक्केवारी काढावयाची, आणि बहुसंख्य वाचक समाधानी आहेत असा निष्कर्ष छापावयाचा. शंकर गणेश दाते यांची ‘मराठी ग्रंथसूची’ १९४३ सालीं निघाली, तेव्हां ग्रंथालयशास्त्राची मास्टरची पदवी या देशांत कोठेंच नव्हती. १८०० पासून १९३७ पर्यंतच्या छापील मराठी ग्रंथांची नोंद तींत आहे. १९५० पर्यंतचा दुसरा भाग १९६१ त आला. मराठीच्या कोणत्याहि अभ्यासकाचें दात्यांवांचून आजहि पान हालत नाहीं. अशा सूचींत गळलेलें शोधणें, चुकलेलें सुधारणें, एकेका ग्रंथाच्या आवृत्तींचा माग काढणें हें पदव्युत्तर विद्यार्थ्याचें काम नव्हे तर कोणाचें? इंदुप्रकाश छापखान्यांत १८६९ व १८७३ सालीं छापलेल्या दोन भागांपासून आजतागायत तुकारामांच्या गाथेच्या किती आवृत्ति निघाल्या, कोणी काढल्या, प्रत्येकींत अभंग किती व कोणत्या पोथीवरून घेतले, आणि त्यांतील कोणती आज कोणत्या ग्रंथालयांत कोणत्या अंकाखालीं सांपडते, हा एकच विषय दोन विद्यार्थ्यांना दोन वर्षें पुरेल.