लोकशोकाचे बाजारमूल्य : तीन गीतपरंपरांचा तौलनिक विचार

सार्वजनिक आपत्तीवर रचल्या जाणाऱ्या लोकप्रिय गीतांची चर्चा बहुधा नैतिक निषेधापाशीच थांबते. दुसऱ्याच्या मरणावर पैसा मिळवणे गर्ह्य, असे म्हटले की प्रश्न मिटल्यासारखा वाटतो. परंतु गीत आणि द्रव्य यांचा संबंध जुना आहे. वीरमरण गाणाऱ्या शाहिरालाही बिदागी मिळतच असे. तेव्हा केवळ मोबदला हा शोषणाचा निकष ठरत नाही. मग दोष नेमका कोठे असतो? लंडनची छापील कवने, अमेरिकेतील ध्वनिमुद्रिका आणि बंगालच्या दुष्काळावरील मराठी पोवाडा या तीन उदाहरणांच्या आधारे त्याचा शोध घेता येतो.

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात लंडनच्या सेव्हन डायल्स भागात जेम्स कॅटनॅच हा मुद्रक खून आणि फाशी यांवरील एकपानी कवने छापून विकत असे. मारिया मार्टेन हिच्या खुनाबद्दल विल्यम कॉर्डर याला १८२८ साली फाशी झाली. त्या प्रसंगीच्या कागदाच्या ११ लाखांहून अधिक प्रती खपल्याचे सांगितले जाते. गुन्हेगाराच्या तोंडी घातलेले पश्चात्तापाचे पद्य पुष्कळदा फाशीपूर्वीच जुळवून तयार असे, आणि चित्राचा एकच लाकडी ठसा निरनिराळ्या प्रकरणांना चाले. शोकाचा साचा येथे घटनेच्या आधीच सिद्ध आहे. तथापि साचा हाही दोष मानता येत नाही. मौखिक परंपरेतील सर्वच रचना, पोवाडासुद्धा, ठरीव वर्णनांवर आणि परिचित चालींवर उभी असते. साच्यात घटनेचा कोणता अंश शिरतो आणि कोणता बाहेर राहतो, हे पाहणे अधिक उद्बोधक ठरते.

या दृष्टीने फ्लॉइड कॉलिन्सवरील गीत लक्षणीय आहे. ३० जानेवारी १९२५ रोजी केंटकी राज्यातील सँड केव्ह या गुहेत कॉलिन्स अडकला. बातमीदार आणि हजारो बघे तेथे लोटले, खाद्यपदार्थांची दुकाने लागली. १६ फेब्रुवारीला बचावपथक त्याच्यापर्यंत पोहोचले तेव्हा तो मरण पावलेला होता. अटलांटा येथील ध्वनिमुद्रिकांचे व्यापारी पोल्क ब्रॉकमन यांनी अँड्र्यू जेंकिन्स या अंध धर्मोपदेशकाकडून या घटनेवर गीत लिहवून घेतले. जेंकिन्स यांना एकरकमी अल्प मोबदला मिळाला. व्हर्नन डालहार्ट यांच्या आवाजातील त्याच वर्षीची ध्वनिमुद्रिका मात्र मोठ्या प्रमाणावर खपली.

या गीतात आईवडिलांची समजूत आहे, अशुभ स्वप्न आहे आणि अखेरीस तरुणांना वेळीच ईश्वराकडे वळण्याचा इशारा आहे. कॉलिन्स त्या गुहेत का उतरला, हे मात्र त्यात नाही. मॅमथ केव्हच्या परिसरात खासगी गुहांचे मालक पर्यटक मिळवण्यासाठी परस्परांशी झगडत होते. कॉलिन्सने १९१७ साली शोधलेली क्रिस्टल केव्ह मुख्य रस्त्यापासून दूर पडल्याने तो सोयीच्या ठिकाणी नवी गुहा धुंडाळत होता. ज्या बाजारव्यवहाराने त्याचा बळी घेतला, तो गीतातून गळला आणि त्याच्या जागी दैव आले. पुढे १९२७ साली क्रिस्टल केव्हच्या नव्या मालकाने कॉलिन्सचा मृतदेह काचेच्या झाकणाच्या शवपेटीत प्रदर्शनास मांडला. गीत आणि शवपेटी यांची जात एक नव्हे. तरीही दोन्हींत मृत्यू त्याच्या कारणांपासून तोडून पाहण्याजोगा केलेला आहे. शेवटचा उपदेश तर ग्राहकाला सज्जनपणाचे समाधानही देतो. करमणूक विकत घेतल्याचा संकोच त्यामुळे उरत नाही.

१९४३ च्या बंगालच्या दुष्काळात २० ते ३० लाख माणसे मेली असावीत, असा अंदाज आहे. अण्णा भाऊ साठे यांचा ‘बंगालची हाक’ हा पोवाडा त्या आपत्तीवरचा आहे. त्याच वर्षी मुंबईत स्थापन झालेल्या इप्टाच्या पथकांनीही गीत-नृत्य-नाट्याचे प्रयोग करून दुष्काळग्रस्तांसाठी निधी गोळा केला. शोकाला आवाहन करून पैसा येथेही मिळवला गेला. पण भूक हा दैवाचा कोप नसून मनुष्यकृत आहे, ही त्या चळवळीची धारणा होती आणि जमलेला पैसा आपद्ग्रस्तांकडे वळत होता.

येथे भाबडेपणा मात्र नको. कम्युनिस्ट पक्षाने त्या काळात महायुद्धाला ‘लोकयुद्ध’ मानले होते. त्यामुळे त्याच्या प्रचारात साठेबाजांवरील रोख जितका तीव्र होता, तितका सरकारच्या युद्धधोरणावर नव्हता. कारणे सांगणारी कलासुद्धा निवडक कारणे सांगू शकते. संघटनेला मिळणारी प्रतिष्ठा हाही एक प्रकारचा लाभच होय.

म्हणून शोषणाचा निकष द्रव्यात, साच्यात किंवा रचनेच्या वेगात शोधण्यापेक्षा दोन प्रश्नांत शोधावा लागतो : गीत मृत्यूची कोणती कारणे झाकते, आणि श्रोत्याला शेवटी कोठे नेऊन सोडते? २०१९ च्या पुलवामा हल्ल्यानंतर काही दिवसांतच यूट्यूबवर आलेल्या भोजपुरी आणि हिंदी गीतांनाही हेच प्रश्न विचारता येतील. त्यांना केवळ अभिरुचिहीन ठरवून बाजूला सारल्यास विक्रेत्याचे काहीच बिघडत नाही. मृत माणूस मात्र गीतात आपल्या आयुष्यासह उरला की फक्त निमित्त म्हणून, हे तपासायचे राहून जाते.