'लंडनकर' : सेल्व्हन यांची कादंबरी आणि नागरिकत्वाचा वाद

१९४८ च्या उन्हाळ्यात ब्रिटनमध्ये पाच-सहा आठवड्यांच्या अवधीत तीन गोष्टी घडल्या. २२ जून रोजी 'एम्पायर विंडरश' या जहाजाने आलेले वेस्ट इंडीजमधील काही शे उतारू टिलबरी बंदरात उतरले. ५ जुलै रोजी राष्ट्रीय आरोग्यसेवा सुरू झाली. आणि ३० जुलै रोजी राष्ट्रीयत्वाच्या नव्या कायद्यास राजसंमती मिळून युनायटेड किंग्डम व वसाहती यांचे मिळून एकच नागरिकत्व निर्माण झाले. जमैकातील उसाच्या मळ्यावरचा मजूर आणि लीड्समधील गिरणीकामगार हे या कायद्याच्या दृष्टीने एकाच प्रतीचे नागरिक ठरले. रुग्णालयातील खाट कोणाची, नगरपालिकेचे घर कोणाला, देशात पाऊल कोणी ठेवावे आणि 'आपण' म्हणताना त्यात कोणाला धरावे, असा जो वाद पुढे पाऊण शतक त्या देशात चालला, त्याचे सगळे धागे या एका उन्हाळ्यात एकत्र आलेले दिसतात. सॅम्युएल सेल्व्हन यांची 'द लोन्ली लंडनर्स' ही कादंबरी १९५६ मध्ये प्रसिद्ध झाली. म्हणजे हा कायदा शाबूत असताना, आणि राष्ट्रकुलातील नागरिकांच्या प्रवेशावर पहिला निर्बंध घालणारा १९६२ चा कायदा येण्यापूर्वी सहा वर्षे. तिच्यातील वेस्ट इंडियन पात्रांना लंडनमध्ये राहण्याचा हक्क सिद्ध करावा लागत नाही. राहण्यासाठी खोली तेवढी मिळवावी लागते, आणि ती त्यांना मिळत नाही.

हा कालक्रम नजरेआड झाल्यामुळे अलीकडे या कादंबरीच्या वाचनास एक निराळेच वळण लागले आहे. १९७१ च्या स्थलांतर कायद्याने, १ जानेवारी १९७३ पूर्वी येऊन स्थायिक झालेल्यांचा राहण्याचा हक्क मान्य केला. परंतु त्याबद्दल कोणताही दाखला त्यांच्या हाती दिला नाही. पुढे २०१२ नंतरच्या धोरणाने मालक, घरमालक, बँका आणि रुग्णालये या सर्वांना कागद तपासावयास लावले, आणि ज्यांचा हक्क निर्विवाद होता अशा माणसांना तो सिद्ध करता येईना. काहींच्या नोकऱ्या गेल्या, काहींना औषधोपचार नाकारले गेले, काहींना देशाबाहेर घालविण्यात आले. जुन्या प्रवाशांच्या आगमनाची नोंद असलेली पत्रे गृहखात्याने २०१० मध्येच नष्ट केली होती, हे २०१८ मध्ये उघड झाले. तेव्हापासून सेल्व्हन यांच्या कादंबरीला त्या हरवलेल्या पत्रांच्या जागी बसविण्याची, तिला साक्षीपुरावा मानण्याची प्रवृत्ती बळावली. ही प्रवृत्ती समजण्याजोगी आहे आणि तिच्यामागील कळवळा खरा आहे. परंतु तिने कादंबरीवर अन्यायच होतो. साक्षीदाराने प्रतिवादीच्या सोयीचे बोलावयाचे नसते. सेल्व्हन यांची पात्रे मात्र पदोपदी तसे बोलतात.

कादंबरीत सरकारी लिखाणाचा एक नमुना आलेला आहे. बेकारांची नोंद करणाऱ्या कचेरीत प्रत्येकाचे एक पत्र असते, आणि त्यावर लाल शाईने संक्षिप्त अक्षरे लिहिलेली असतात. त्यांचा अर्थ, हा माणूस जमैकाचा आणि काळा. जमैकाचा नसला तरी अक्षरे तीच. कारकुनाने हे द्वेषाने केलेले नाही. ज्या मालकाला काळा माणूस नको त्याच्याकडे अशा माणसाला उगाच कशाला पाठवावयाचे, असा त्यामागील व्यवहार आहे. कायद्याने दिलेली समानता आणि टेबलावरची शाई यांतील हे अंतर सेल्व्हन यांनी तीन-चार वाक्यांत दाखविले आहे. त्यांच्या जागी एखादा प्रचारक लेखक असता तर त्याने येथे दोन पाने खर्ची घातली असती.

याहून महत्त्वाचा प्रसंग एका पोलिश उपाहारगृहाच्या मालकाचा आहे. हा मालक काळ्या गिऱ्हाइकांना आत घेत नाही. दहा वर्षे लंडनमध्ये काढलेला मोझेस नवागत गॅलाहॅडला ही हकीकत सांगतो आणि वर असे सुनावतो की आपण ब्रिटिश प्रजाजन आहोत, हा पोल तर परका. याचा या देशावर आपल्याहून अधिक हक्क कसा असेल? मोझेसचे म्हणणे कायद्याला धरून आहे. युद्धानंतर पोलिश सैनिकांना ब्रिटनमध्ये स्थायिक करण्यासाठी १९४७ मध्ये स्वतंत्र कायदाच करावा लागला होता. मोझेसला तशा कशाची गरज नव्हती. परंतु कायदा काय म्हणतो यापेक्षा येथे अधिक काही सेल्व्हन यांना दिसलेले आहे. अपमानित झालेला माणूस स्वतःचा हक्क मांडताना दुसऱ्या कोणाला तरी आपल्या खालच्या पायरीवर उभा करतो, आणि ती पायरी त्याला कायद्याने आयती करून दिलेली असते. ज्या तर्काने मोझेस पोलिश मालकाला परका ठरवितो, तोच तर्क बारा वर्षांनी थोडा फिरवून मोझेसच्या भाऊबंदांवर चालविण्यात आला. साक्षीपुराव्याचा शोध घेणारे वाचक हा प्रसंग एका वंशविद्वेषी मालकाचे उदाहरण म्हणून नोंदवितात आणि पुढे जातात. मोझेसच्या तोंडच्या वाक्याने त्यांना अडखळावयास हवे होते.

वाटणीच्या प्रश्नाकडेही सेल्व्हन असेच तिरकस नजरेने पाहतात. वॉटर्लू स्थानकावर नव्या माणसाला आणावयास गेलेला मोझेस मनातून कुरकुरत असतो: इतकी माणसे येत राहिली तर आधी आलेल्यांचेही कठीण होईल. म्हणजे लंडनच्या गोऱ्या कामगाराची जी तक्रार, तीच त्याची. त्याच फलाटावर टॉलरॉयने एकट्या आईला बोलावलेले असताना टँटीसकट सगळे गणगोत गाडीतून उतरते. हा विनोद फार्ससारखा रंगविलेला आहे. परंतु येणाऱ्यांची संख्या, जागेची टंचाई आणि रक्ताच्या नात्याचा दावा, ही त्या पुढील सगळ्या संसदीय वादांची सामग्री त्यात आहे. टँटी स्वतः त्या वादात कोठेच सापडत नाही. हॅरो रोडच्या आसपासच्या वस्तीतील दुकानदाराकडे ती सरळ उधारीचे खाते उघडते. त्रिनिदादमध्ये चालते ते येथे का चालू नये, हे तिला कोणी पटवून देऊ शकत नाही.

हिवाळ्यात गॅलाहॅडचे काम सुटते, पोटाची आबाळ होते, आणि बागेतील धष्टपुष्ट कबुतरांकडे त्याचे लक्ष जाते. एक कबूतर तो पकडतो. कुत्र्याला फिरविणारी एक बाई ते पाहून ओरडू लागते, आणि गॅलाहॅड पक्षी कोटाखाली घेऊन मोझेसची खोली गाठतो. मोझेस प्रथम त्याला खडसावतो, इंग्रजांचे प्राण्यांवरील प्रेम किती भयंकर असते ते सांगतो, आणि मग दोघे ते रांधून खातात. सार्वजनिक संपत्ती म्हणजे काय, या प्रश्नावर इतके मार्मिक लेखन क्वचितच झाले असेल. कबूतर सर्वांचे, म्हणून त्याला सर्वांनी पाव घालावयाचा. भुकेल्याने त्याला हात लावला की ते एकदम राष्ट्राचे होते. आणि गॅलाहॅडलाही अपराधी वाटते, ही खरी मेख आहे.

याच प्रश्नावर राजकारणात काय बोलले गेले हे येथे ताडून पाहण्याजोगे आहे. २० एप्रिल १९६८ रोजी बर्मिंगहॅम येथे केलेल्या भाषणात इनॉक पॉवेल यांनी अशी तक्रार मांडली की मूळच्या रहिवाशांच्या बायकांना बाळंतपणासाठी खाट मिळत नाही आणि त्यांच्या मुलांना शाळेत जागा मिळत नाही. १९६० ते १९६३ या काळात पॉवेल स्वतः आरोग्यमंत्री होते. राष्ट्रकुलातून आलेल्या परिचारिका व डॉक्टर यांच्यावाचून त्या खाटांची व्यवस्था चालणे कठीण होते, हे त्यांना ठाऊक नसेल असे म्हणता येत नाही. परंतु साहित्याच्या अभ्यासकाने लक्ष द्यावे असा भाग त्या भाषणाच्या शेवटी आहे. अभिजात भाषांचे प्राध्यापक राहिलेल्या या वक्त्याने तेथे व्हर्जिलच्या 'ईनिड'मधील रक्ताने फेसाळलेल्या टायबर नदीचे स्मरण केले. ते भविष्य महाकाव्यात सिबिल वर्तविते, आणि ते ऐकणारा ईनियस हा ट्रॉयमधून निर्वासित होऊन इटलीत वसाहत करावयास आलेला आगंतुक आहे. पुढे रोमन राष्ट्र त्याच्यापासूनच निघावयाचे असते. संदर्भ असा उलटा फिरावा हे पॉवेल यांच्यासारख्या विद्वानाच्या ध्यानी आले नसेल काय?

भाषणापूर्वी काही आठवडेच संसदेने तीन दिवसांत एक कायदा संमत केला होता. केनिया स्वतंत्र झाल्यावर तेथील भारतीय वंशाच्या अनेकांनी ब्रिटिश नागरिकत्व कायम ठेवले होते, आणि तेथील आफ्रिकीकरणाच्या धोरणामुळे ते ब्रिटनकडे निघाले होते. १९६८ च्या या कायद्याने त्यांच्या पारपत्राचे मोल काढून घेतले. पारपत्रधारक स्वतः, त्याचे आईबाप किंवा आजी-आजोबा यांच्यापैकी कोणी ब्रिटनमध्ये जन्मलेले अथवा तेथील नागरिक झालेले असावे, अशी अट आली. रंगाचा उल्लेख कायद्यात कोठेही नव्हता. आजोबांनी ते काम केले. त्यानंतर सेल्व्हन यांनी १९७५ मध्ये 'मोझेस असेंडिंग' लिहिली. तीत मोझेस घरमालक झालेला आहे, वरच्या मजल्यावर आत्मचरित्र लिहीत बसला आहे, आणि बेकायदा आणलेल्या पाकिस्तानी माणसांना पैसे घेऊन घरात दडवू देतो आहे. ही कादंबरी पहिलीच्या तोडीची नाही. तिचा उपहास भरकटतो, आणि पाकिस्तानी पात्रे व्यंगचित्रांच्या पलीकडे जात नाहीत. तथापि पोलिश मालकाच्या प्रसंगातील मोझेस ज्याच्या ध्यानात राहिला आहे, त्याला या घरमालकाचे नवल वाटणार नाही.

सेल्व्हन यांनी या वादास दिलेले उत्तर त्यांच्या निवेदनाच्या भाषेत शोधावे लागते. प्रारंभी त्यांनी प्रमाण इंग्रजीत लिहून पाहिले. लेखन पुढे सरकेना. मग निवेदकालाही त्यांनी पात्रांचीच बोली दिली. १९५५ च्या 'बनगरवाडी'त माणसे बोलीत बोलतात आणि मास्तर प्रमाण मराठीत सांगतो. वाचकाचे बोट धरून त्याला वाडीत नेणारा असा कोणी 'लोन्ली लंडनर्स'मध्ये नाही. बेझवॉटरचे धुके, टेम्सचा काठ, विराम-चिन्हांवाचून पानेच्या पाने वाहणारा तो उन्हाळ्याचा परिच्छेद, हे सारे त्रिनिदादी वळणाच्या इंग्रजीतून येते. लंडनचे वर्णन करण्याचा अधिकार या भाषेने कोणाकडे मागितलेला नाही.

मराठीत ही कादंबरी आणू पाहणाऱ्यापुढे अडचण उभी राहते ती येथेच. मालवणी किंवा वऱ्हाडी वापरावी, हा पहिला विचार सुचतो आणि तो टाकून द्यावा लागतो. या बोलींना गाव आहे. आनंद यादव यांच्या 'गोतावळा'त (१९७१) सबंध निवेदन बोलीत आहे, पण नारबाची भाषा त्याच्या मळ्याची, त्याच्या बैलांची आहे. सेल्व्हन यांची बोली कोणत्याही एका बेटाची नाही. त्रिनिदादच्या पायावर लेखकाने ती घडविली, आणि जमैकाचा व त्रिनिदादचा माणूस लंडनमध्ये येऊनच प्रथम एका नावाचे झाले, त्यांची ती भाषा आहे. व्याकरणाची अडचण याहून मोठी. सेल्व्हन यांची क्रियापदे काळाचे प्रत्यय टाकून देतात. मराठीत लिंग-वचनाचे प्रत्यय तसे टाकले तर मराठी न येणारा परका माणूस बोलतो आहे असा भास होईल, आणि मूळ परिणामाच्या हे नेमके उलट आहे; गॅलाहॅडला इंग्रजी येत नाही असे कोठेही नाही, ती त्याची जन्मभाषा आहे. तेव्हा प्रत्यय न मोडता लय पकडावी, एवढेच उरते. मूळ पात्रांची कामधाम नसलेल्या रविवारची जी बैठक आहे, तिला मालवणीतला 'गजाली' हा शब्द चपखल बसतो. बोली घेऊ नये, गजालींचा ठेका घ्यावा.

कादंबरीत एक उणीव आहे आणि ती लहान नाही. टँटी सोडली तर तिच्यातील स्त्रिया पुरुषांच्या बढाईपुरत्या येतात. एका स्त्रीला नवऱ्याकडून मार बसतो, तोही किश्शासारखा सांगितला जातो. आपल्याकडील अभ्यासक या उणिवेबद्दल फारसे बोलत नाहीत. सेल्व्हन यांचे वडील मद्रासकडील घराण्यातले होते, यावर मात्र भर देऊन त्यांना भारतीय वंशाचे लेखक म्हणून आपल्या खात्यावर जमा करतात. आजोबांवरून माणूस ठरविण्याची ही रीत १९६८ च्या त्या कायद्याचीच आहे.

राहता राहिले शीर्षक. 'लंडनर' या शब्दासाठी मराठीत 'लंडनकर' हाताशी आहे. परंतु आपला 'कर' दोन प्रकारे चालतो. आडनावात तो पूर्वजांचे गाव सांगतो, मग त्या गावचे तोंड कोणी पाहिलेले नसले तरी चालते. आणि 'मुंबईकर' म्हणताना तोच प्रत्यय काल गाडीतून उतरलेल्यालाही लागतो. सेल्व्हन यांना अभिप्रेत आहे तो हा दुसरा. 'एकाकी लंडनकर' असे लिहिले तर 'एकाकी' हे विशेषण जरा भारदस्त होते, आणि 'एकटे' म्हणावे तर मोझेसच्या खोलीत दर रविवारी बसावयास जागा नसते.