बेब रुथने देऊन टाकलेली बॅट

१८ एप्रिल १९२३ला न्यूयॉर्कचं यँकी स्टेडियम सुरू झालं आणि त्याच दिवशी बेब रुथने तिथला पहिला होम रन मारला. (क्रिकेटवाल्यांनी तूर्तास षटकार समजावा.) ज्या बॅटने मारला ती त्याने जपून ठेवली नाही. काही आठवड्यांतच तिच्यावर सही करून लॉस एंजेलिसच्या शाळकरी मुलांच्या होम रन स्पर्धेला बक्षीस म्हणून देऊन टाकली. व्हिक्टर ओरसाटी नावाच्या मुलाने ती जिंकली. २००४मध्ये सदबीजच्या लिलावात तीच बॅट १२ लाख ६५ हजार डॉलरला गेली.

खेळाडूच्या लेखी बॅट हे हत्यार. मोडलं की दुसरं. संग्राहकाला मात्र नेमका तो मोडलेपणाच हवा असतो. नाणी, कॉमिक्स, तिकिटं यांत कोरं ते महाग, इथे उलट. सही केलेली पण मैदानात न उतरलेली बॅट म्हणजे शोभेची वस्तू. मुठीजवळचा तडा, पाइन डांबराचा थर, चेंडूच्या शिवणीचे उमटलेले ठसे हा सगळा मजकूर असतो आणि तो वाचता यावा लागतो.

या छंदातलं मला सगळ्यात आवडतं ते हे वाचन. लुइव्हिलच्या हिलरिच अँड ब्रॅड्सबी कंपनीचा बॅटवर डागलेला शिक्का काळानुसार बदलत गेला, त्यावरून बॅटचं वय काढतात. कोणत्या खेळाडूने किती लांबीची, किती वजनाची बॅट मागवली, हे कारखान्याच्या नोंदींशी ताडून पाहतात. आणि गंमत म्हणजे, जुन्या काळी खेळाडू आपली आवडती बॅट तडकली की ‘अशीच दुसरी करा’ म्हणून कारखान्यात परत पाठवत. तिथला कुणी कामगार तिच्यावर पेन्सिलीने खेळाडूचं नाव नि तारीख लिहून ठेवी. त्या अनाम माणसाचं ते घाईतलं अक्षर आज अनेकदा दिग्गजाच्या सहीपेक्षा भक्कम पुरावा ठरतं. सही काय, कुठल्याही लाकडावर करता येते.

डांबराचंही तसंच. २४ जुलै १९८३ला जॉर्ज ब्रेटने होम रन मारला आणि पंचांनी त्याला बाद दिलं, कारण डांबर मुठीपासून १८ इंचांच्या वर गेलं होतं. ब्रेट चवताळून धावत आला, पुढे निर्णय फिरला. ती बॅट आज कूपरस्टाउनच्या हॉल ऑफ फेममध्ये आहे. ती कुणी हौसेने पुसून लख्ख केली असती तर भांडणाचं कारणच पुसलं गेलं असतं.

बाजार मात्र या वाचनाला कंटाळलाय. तज्ज्ञांची सगळी मेहनत शेवटी दाखल्यावरच्या एका आकड्यात उतरते आणि बोली लावणारा आकडाच बघतो. त्याहून वाईट गोष्ट १९९९ची. अपर डेक या कार्ड कंपनीने रुथची एक बॅट कापली आणि तिच्या ढलप्या कार्डांत बसवून पाकिटांतून विकल्या. यावर चिडणाऱ्यांना एक उत्तर दिलं जातं : अख्खी बॅट एखाद्या कोट्यधीशाच्या तिजोरीत पडण्यापेक्षा तिचा तुकडा साध्या पोराच्या हाती आलेला काय वाईट? मुद्दा हसण्यावारी नेण्यासारखा नाही. ओरसाटीही साधा पोरगाच होता. पण त्याला मिळाली ती अख्खी बॅट होती. नखाएवढ्या ढलपीवर ना शिक्का, ना तडा, ना कामगाराचं अक्षर. ती रुथच्या बॅटची आहे हे कार्डाच्या मागे कंपनीने छापलंय म्हणून मानायचं. वाचायला काही उरलेलंच नाही.

लुइव्हिलच्या संग्रहालयात रुथची १९२७ची एक बॅट आहे. शिक्क्याभोवती त्याने स्वतः खाचा कोरल्यात, दर होम रनमागे एक. मोजल्या तर २१ भरतात. तिच्यावर करवत चालवली तर पाकिटं फोडणाऱ्या बहुतेकांच्या हाती खाच नसलेलं नुसतं लाकूड येईल.