वाडा दिसतो, भोर दिसत नाही

राजगड उतरून वेल्ह्याहून परतताना एका मित्राला भोरचा राजवाडा दाखवायला नेलं. आत शिरताच तो म्हणाला, "अरे, हे कुठल्यातरी पिक्चरमध्ये पाहिलंय." पिक्चर आठवेना. पण ते भोर होतं, हे त्याला आजवर माहीतच नव्हतं.

पंतसचिवांचा हा वाडा १८६९चा. १९४८ साली संस्थान विलीन झालं, राजधानीचं तालुक्याचं गाव झालं. मग एवढ्या लाकडी वास्तूचं करायचं काय? उत्तर सिनेमाने दिलं. चौक, खांब, सज्जे भाड्याने जाऊ लागले. मला यात गैर काही वाटत नाही. बंद वाड्याला वाळवी लागते, वापरातल्या वाड्यात निदान झाडू तरी फिरतो.

माझी तक्रार वेगळी आहे. मांढरदेवचा घाट ओलांडला की वाईजवळ मेणवली, नाना फडणवीसांचं गाव. 'स्वदेस'मध्ये (२००४) तेच उत्तर प्रदेशातलं चरणपूर झालं. कथेसाठी हे ठीकच. पण भोरच्या वाड्याच्या वाट्यालाही कायम दुसऱ्याचंच नाव येतं.

आता लोअर परळला या. १९०५ची फिनिक्स मिल मॉल झाली. नाव उरलं, चिमणी उरली. कामगार आणि त्यांचं काम गेलं. तिथे शरीर गेलं नि नाव राहिलं. भोरला शरीर राहिलं नि नाव गेलं.

तिसरी वाट पुण्यात आहे. दुसऱ्या बाजीरावाच्या विश्रामबागवाड्यात पाठशाळा भरली, नगरपालिका बसली, पोस्ट आलं. धंदा म्हणून त्यात फारसं काही नव्हतं, पण पत्र टाकायला आलेल्या माणसालाही आपण विश्रामबागवाड्यात आहोत हे ठाऊक होतं.

सेटची डागडुजी कॅमेऱ्याच्या चौकटीपुरती असते. भोरचा पाऊस चौकट बघून पडत नाही. म्हणून शूटिंगच्या भाड्यातला ठरावीक हिस्सा छपरासाठी राखून ठेवावा, श्रेयनामावलीत भोरचं नाव ठळक यावं आणि शूटिंग नसेल त्या दिवसांत वाड्यात गावातल्या पोरांसाठी वाचनालय, कार्यशाळा, नाटकाच्या तालमी चालाव्यात.

पुढच्या वेळी पडद्यावर असा एखादा चौक दिसला, तर शेवटची नावं सरकेपर्यंत खुर्ची सोडू नका. त्यांत गावाचं नाव शोधा.