फॅलोइडिन आणि यकृतपेशींतील घट्ट संधी : एका गृहीतकाची चिकित्सा

यकृतपेशींमधील घट्ट संधी पित्त आणि रक्त यांना परस्परांपासून वेगळे ठेवतात. गोठण-भंजन तंत्राने मिळवलेल्या इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शी चित्रांत त्या धाग्यांच्या जाळ्यासारख्या दिसतात. धाग्यांची संख्या जितकी अधिक तितकी संधी अभेद्य, असा संबंध क्लॉड व गुडइनफ यांनी १९७३ मध्ये मांडला. यकृतावरील विषांच्या अभ्यासाने या गृहीतकाची मर्यादा स्पष्ट केली.

फॅलोइडिन हे विषारी अळंबीतील द्रव्य पेशीसांगाड्यातील ॲक्टिन तंतूंना घट्ट बांधते व त्यांचे विघटन रोखते. हे विष दिलेल्या उंदरांच्या यकृतपेशींत संधींचे धागे वाढल्याचे मॉन्तेसानो व सहकाऱ्यांनी १९७६ मध्ये दाखवले. उपरोक्त गृहीतकानुसार या संधी अधिक अभेद्य व्हावयास हव्या होत्या. प्रत्यक्षात १९८० मध्ये एलियास व सहकाऱ्यांना पित्तप्रवाह मंदावलेला आणि संधींची पारगम्यता वाढलेली आढळली.

वरवर पाहता हे निष्कर्ष परस्परविरोधी वाटतात. परंतु पहिल्या अभ्यासाचा विषय रचना आहे, दुसऱ्याचा कार्य. धाग्यांची वाढ म्हणजे बंधाची वाढ नव्हे, हाच त्यांचा एकत्रित बोध होय. एमडीसीके पेशींच्या दोन प्रकारांत धाग्यांची संख्या जवळपास सारखी असूनही विद्युतरोधात मोठी तफावत असते, या १९८८ मधील निरीक्षणानेही त्यास पुष्टी मिळते.

तथापि १९८० च्या अभ्यासातील कारणमीमांसा सर्वस्वी निर्णायक मानता येत नाही. ॲक्टिन तंतू पित्तसूक्ष्मनलिकांच्या आकुंचनातही भाग घेतात. त्यामुळे पित्तप्रवाह मंदावण्याचे खापर केवळ सैल झालेल्या संधींवर फोडणे उचित नाही. ॲक्टिनच्या जुळणीत अडथळा आणणाऱ्या सायटोकॅलॅसिन-बी या विषानेही पित्तप्रवाह घटतो, असे फिलिप्स व सहकाऱ्यांनी १९७५ मध्येच नोंदवले होते. तंतू गोठवणारे आणि तंतू विस्कळीत करणारे अशी दोन्ही विषे एकाच परिणामास पोहोचतात, यावरून तंतूंच्या परिमाणापेक्षा त्यांच्या गतिशीलतेचे महत्त्व सूचित होते.

या विचाराचा रेणवीय आधार नंतर मिळाला. १९८६ मध्ये यकृताच्याच संधींतून झेडओ-१ प्रथिन ओळखले गेले. ते ॲक्टिनशी जोडले जाते, हे १९९८ मध्ये सिद्ध झाले. त्याच वर्षी वर्णिलेली क्लॉडिन प्रथिने धाग्यांचे मुख्य घटक ठरली आणि पारगम्यता क्लॉडिनच्या प्रकारावरही अवलंबून असते, हे पुढे स्पष्ट झाले.

सूक्ष्मदर्शी चित्रावरून कार्याचे अनुमान काढण्याची सवय अध्यापनात आजही आढळते. फॅलोइडिनचे उदाहरण त्या सवयीस योग्य तो आळा घालणारे आहे. संधीचे चित्र दाखवताना तिच्या पारगम्यतेचे मोजमापही विद्यार्थ्यांपुढे ठेवले गेले पाहिजे.